बैठे काम आणि आरोग्य

बैठे काम म्हणजे दिवसाचा बहुतांश वेळ एका जागी बसून, मुख्यतः हात, डोळे आणि बुद्धी यांच्या साहाय्याने केले जाणारे काम. लेखनिक, हिशेबनीस, बँक कर्मचारी, संगणक अभियंते, मुद्रितशोधक, अनुवादक, शिंपी, तसेच स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी यांचा दिनक्रम प्रामुख्याने अशा कामाचा असतो. दीर्घकाळ चालणाऱ्या बैठ्या कामाचा संबंध हृदयविकार, मधुमेह, पाठ व मानेची दुखणी, डोळ्यांचा ताण आणि मानसिक थकवा यांच्याशी जोडला जातो. या विषयावरील संशोधनातून असे दिसते, की अपाय केवळ बसण्याच्या क्रियेत नसून बसण्याच्या अखंडतेत आहे. न बदलणारी शरीरस्थिती, न थांबणारी हालचाल आणि विसावा नसलेले मन ही त्याची तीन अंगे होत. त्यामुळे प्रतिबंधक उपायांमध्ये व्यायामाइतकेच महत्त्व कामात वेळोवेळी पाडल्या जाणाऱ्या खंडाला दिले जाते.

## व्याख्या

शरीराची विश्रांतीच्या अवस्थेत जेवढी ऊर्जा खर्च होते, तिला १ 'मेट' असे एकक मानले जाते. जागेपणी बसलेल्या, रेललेल्या किंवा पहुडलेल्या स्थितीत १.५ मेट किंवा त्याहून कमी ऊर्जा खर्च होत असेल, तर त्या वर्तनास 'बैठे वर्तन' म्हणतात. झोपेचा समावेश यात होत नाही.

बैठे वर्तन आणि व्यायामाचा अभाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोज सकाळी अर्धा तास वेगाने चालणारी व्यक्ती व्यायामाच्या निकषावर पुरेशी सक्रिय ठरते. मात्र उरलेल्या दिवसात ती दहा तास खुर्चीत बसत असेल, तर बैठ्या वर्तनाच्या निकषावर तिचा दिवस बैठाच ठरतो. उलट, एखादी गृहिणी किंवा दुकानातील मदतनीस स्वतंत्र व्यायाम करत नसली, तरी तिच्या दिवसात सलग बसण्याचे प्रसंग थोडेच येतात.

## इतिहास

### रामाझ्झिनी यांचे निरीक्षण

बैठ्या कामाच्या दुष्परिणामांची पद्धतशीर नोंद करणाऱ्या आरंभीच्या वैद्यांमध्ये इटलीचे बर्नार्दिनो रामाझ्झिनी (१६३३–१७१४) यांचे नाव घेतले जाते. कारागिरांच्या व्यवसायजन्य रोगांवरील त्यांचा लॅटिन ग्रंथ १७०० मध्ये मोदेना येथे प्रसिद्ध झाला. १७१३ च्या वाढीव आवृत्तीत त्यांनी लेखनिक व दस्तऐवज लिहिणाऱ्यांच्या व्याधींवर स्वतंत्र विवेचन केले आणि त्या व्याधींची तीन कारणे सांगितली: सततचे बसणे, हाताची एकाच दिशेने होणारी अविरत हालचाल आणि हिशेबात चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण. आयुष्यभर लेखन केल्याने उजवा हात निकामी झालेल्या एका लेखनिकाचे उदाहरणही त्यांनी दिले आहे. त्या लेखनिकाने डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला. परंतु काही काळाने डाव्या हातालाही तीच व्याधी जडली. रामाझ्झिनी यांनी सांगितलेली तीन कारणे आजच्या संगणकीय कामालाही लागू पडतात.

### लंडनच्या बसगाड्या

विसाव्या शतकात या विषयाला संख्याशास्त्रीय आधार मिळाला तो ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेरी मॉरिस (१९१०–२००९) यांच्या अभ्यासामुळे. १९५३ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लंडनमधील दुमजली बसगाड्यांचे चालक आणि वाहक यांची तुलना केली होती. दोघांची नोकरी एकाच संस्थेत होती आणि सामाजिक स्थितीही साधारण सारखीच होती. चालक मात्र दिवसभर आसनावर बसून असे, तर वाहक तिकिटे देण्यासाठी गाडीचा जिना सतत चढत-उतरत असे. हृदयविकाराचे प्रमाण वाहकांमध्ये कमी आढळले. विकार झालाच, तर तो त्यांच्यात तुलनेने उशिरा आणि कमी तीव्रतेने होत असे. टपाल खात्यात पायी व सायकलवर टपाल वाटणारे आणि कार्यालयात बसून काम करणारे यांच्यातही असाच फरक दिसला.

चालकाच्या कामाकडे वळणारे लोक मुळातच स्थूल असावेत, अशी शंका पुढे आली. मॉरिस यांनीच १९५६ मध्ये कर्मचाऱ्यांच्या गणवेशाच्या मापांचा अभ्यास केला आणि चालकांच्या विजारींचा कंबरघेर वाहकांपेक्षा अधिक असल्याचे दाखवून दिले. म्हणजेच दोन्ही गटांतील सगळाच फरक केवळ कामामुळे पडला होता, असे म्हणता येत नव्हते. असे असले, तरी शारीरिक हालचाल आणि हृदयाचे आरोग्य यांचा संबंध पुढील अनेक अभ्यासांनी दृढ केला.

### बंगालमधील ताग गिरणी

भूक आणि श्रम यांच्या संबंधावरील एक महत्त्वाचा अभ्यास भारतात झाला. आहारतज्ज्ञ जाँ मेयर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधील एका ताग गिरणीशी संबंधित २१३ पुरुषांचा आहार, वजन आणि कामाचे स्वरूप तपासून १९५६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हलक्या कामापासून अतिशय कष्टाच्या कामापर्यंत श्रम वाढत जातील, तसा आहारही वाढत गेलेला दिसला. परंतु अगदी बैठे काम करणाऱ्या कारकून व दुकानदारांचा आहार हलके काम करणाऱ्यांपेक्षा कमी नव्हता. तो अंगमेहनत करणाऱ्या मजुरांच्या आहाराइतका होता आणि त्यांचे वजनही अधिक होते. श्रम एका मर्यादेखाली गेल्यास भूक त्या प्रमाणात कमी होत नाही, हा या अभ्यासाचा अर्थ लावला जातो.

## शारीरिक परिणाम

### चयापचय आणि हृदय

मांड्या व पोटऱ्यांचे स्नायू हे शरीरातील मोठे स्नायू होत. चालताना किंवा जिना चढताना ते आकुंचन पावतात आणि रक्तातील शर्करा व मेद इंधन म्हणून वापरतात. बसल्यावर हे स्नायू जवळजवळ निष्क्रिय होतात. परिणामी जेवणानंतर वाढलेली रक्तशर्करा अधिक काळ वाढलेलीच राहते आणि ती आटोक्यात आणण्यासाठी स्वादुपिंडाला अधिक इन्शुलिन स्रवावे लागते. वर्षानुवर्षे असे घडत राहिल्यास मधुमेह (प्रकार २) व हृदयविकार यांचा धोका वाढतो.

ऑस्ट्रेलियातील संशोधक डेव्हिड डन्स्टन व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका लहान प्रयोगात सहभागी व्यक्तींना काही तास सलग बसविण्यात आले. दुसऱ्या वेळी त्यांना दर २० मिनिटांनी केवळ २ मिनिटे चालावयास सांगण्यात आले. चालण्याने खंड पडलेल्या दिवशी जेवणानंतरची रक्तशर्करा व इन्शुलिन यांचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी आढळले. हळू चालणेही उपयोगी ठरले, हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य होय.

### पाठ, मान आणि खांदे

मानवी डोक्याचे वजन साधारणपणे ४ ते ५ किलोग्रॅम असते. मान सरळ असताना हा भार मणक्यांवर तोलला जातो. मान पुढे झुकली, की तो पेलण्यासाठी मानेच्या व खांद्यांच्या स्नायूंना सतत ताणलेले राहावे लागते. ताणलेल्या स्नायूतील रक्तप्रवाह मंदावतो आणि थकवा व वेदना जाणवू लागतात. मांडीवर ठेवलेला लॅपटॉप आणि हातातील मोबाइल यांमुळे मान अशी तासन्‌तास झुकलेली राहते.

मणक्यांमधील गाद्यांना थेट रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. त्यांचे पोषण मुख्यतः आजूबाजूच्या ऊतींतून झिरपणाऱ्या द्रवातून होते आणि या देवाणघेवाणीस शरीराच्या हालचालीने मदत होते. म्हणून उत्तम खुर्चीत, उत्तम स्थितीत, परंतु न हलता बसणेही कण्याला मानवत नाही. 'बसण्याची एकच आदर्श पद्धत' असते, ही समजूत आता मागे पडली असून अधूनमधून स्थिती बदलत राहणे अधिक हितकारक मानले जाते.

### हात आणि मनगट

टंकलेखन व माउसचा वापर यांत बोटांच्या त्याच त्या लहान हालचाली दिवसातून हजारो वेळा होतात. यामुळे स्नायुबंध व त्यांची आवरणे यांना सूज येऊ शकते. मनगटातील अरुंद बोगद्यातून जाणारी मध्यवर्ती चेता दाबली गेल्यास अंगठा, तर्जनी व मधल्या बोटात मुंग्या येतात आणि रात्री वेदना वाढतात. या विकारास कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. तो सर्वसाधारणपणे संगणकाशी जोडला जातो. तथापि जोर लावून पकड धरण्याची कामे आणि कंप पावणारी यंत्रे यांच्याशी त्याचा संबंध अधिक ठळकपणे आढळला आहे. मधुमेह, गर्भावस्था आणि अवटू ग्रंथीचे विकार यांतही तो उद्भवतो.

### डोळे

जवळच्या वस्तूवर नजर स्थिर ठेवण्यासाठी डोळ्यातील लहान स्नायूंना आकुंचित राहावे लागते. शिवाय पडद्याकडे एकाग्रतेने पाहताना पापण्यांची उघडझाप बरीच कमी होते आणि अनेकदा ती अपुरी होते. त्यामुळे अश्रूंचा पातळ थर सुकतो आणि जळजळ, खुपणे, अंधुक दिसणे व डोकेदुखी अशी लक्षणे दिसतात. वातानुकूलित खोलीतील कोरडी हवा किंवा थेट चेहऱ्यावर येणारा पंख्याचा वारा ही लक्षणे वाढवतो. चाळिशीनंतर जवळचे पाहण्याची क्षमता कमी होत असल्याने योग्य चष्मा नसल्यास मान वर करून वा पुढे काढून पाहण्याची सवय लागते. अशा वेळी डोळ्यांचा दोष मानेच्या दुखण्याच्या रूपाने प्रकट होतो.

### रक्ताभिसरण

पायांतील अशुद्ध रक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हृदयाकडे नेण्यास पोटऱ्यांचे आकुंचन साहाय्य करते. पाय दीर्घकाळ स्थिर राहिल्यास रक्त खाली साचते आणि पावलांवर सूज येते. क्वचित प्रसंगी पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होते. ती सुटून फुप्फुसात गेल्यास जीवावर बेतू शकते. लांबच्या विमानप्रवासात होणारा हा विकार दीर्घ बैठकीच्या कामातही आढळल्याची वैद्यकीय नोंद आहे.

## भारतीयांच्या संदर्भात

भारतीयांच्या शरीररचनेमुळे बैठ्या कामाचा प्रश्न अधिक गंभीर होतो. पुण्यातील के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ चित्तरंजन याज्ञिक यांनी दीर्घ संशोधनातून 'कृश तरी मेदयुक्त' भारतीय ही संकल्पना मांडली. २००४ मध्ये त्यांचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एकत्रित छायाचित्र 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांचाही देहभार निर्देशांक २२.३ असूनही शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांच्या बाबतीत ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या बाबतीत २१.२ टक्के होते. वजनकाट्यावर सडपातळ भासणाऱ्या भारतीय व्यक्तीच्या शरीरात, विशेषतः पोटाभोवती, मेद अधिक आणि स्नायू कमी असू शकतात, हे या उदाहरणातून स्पष्ट होते. म्हणून 'मी जाड नाही, तेव्हा मला धोका नाही' हे अनुमान भारतीयांच्या बाबतीत विश्वसनीय ठरत नाही.

२०२४ मध्ये 'द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ अपुरी शारीरिक हालचाल करणारे होते आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हे प्रमाण अधिक होते. नोकरी व घरकाम अशी दुहेरी जबाबदारी असलेल्या स्त्रियांना स्वतःसाठी मोकळा वेळ कमी मिळतो, हे त्यामागील एक कारण मानले जाते.

## मानसिक परिणाम

### कामावरील नियंत्रण

कामाचा ताण केवळ कामाच्या प्रमाणावर ठरत नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार, कामाची मागणी जास्त आणि ते काम केव्हा व कसे करावे याचा अधिकार कमी, अशी स्थिती सर्वाधिक तापदायक असते. लंडनमधील १०,३०८ सरकारी कर्मचाऱ्यांचा १९८५ पासून सुरू झालेला 'व्हाइटहॉल २' हा अभ्यास या विचारास पुष्टी देतो. मायकल मार्मट यांच्या नेतृत्वाखालील या अभ्यासात, कामावर नियंत्रण कमी असलेल्या कर्मचाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळले. हे सर्व कर्मचारी कार्यालयात बसूनच काम करणारे होते. त्यामुळे येथील फरक बसण्या-चालण्याने पुरेसा स्पष्ट होत नाही.

### विखुरलेले लक्ष

एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळल्यावर मनाचा काही भाग पहिल्या कामातच गुंतून राहतो. संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये या अवस्थेचे वर्णन 'लक्षाचा अवशेष' असे केले. ईमेल, संदेश व दूरध्वनी यांमुळे दिवसभर असे तुकडे पडत राहिल्यास प्रत्यक्ष काम कमी होऊनही थकवा मात्र अधिक येतो. अशा व्यत्ययाला विश्रांती म्हणता येत नाही. काम थांबवून मोबाइलच्या पडद्याकडे पाहणे हाही डोळे, मान आणि मन यांच्या दृष्टीने त्याच कामाचा पुढचा भाग ठरतो.

### बर्नआउट

कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ राहिलेल्या आणि योग्य रीतीने न हाताळल्या गेलेल्या ताणातून उद्भवणाऱ्या अवस्थेस बर्नआउट म्हणतात. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये या संज्ञेचा वापर केला आणि क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी तिचे मापन करण्याची पद्धत विकसित केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटचा समावेश रोग म्हणून नव्हे, तर व्यवसायाशी निगडित घटना म्हणून केला आहे. त्याची तीन लक्षणे सांगितली आहेत: शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा आणि कार्यक्षमता घटल्याची जाणीव. नैराश्याची लक्षणे याच्याशी काही अंशी जुळतात. मात्र नैराश्य जीवनाच्या सर्वच अंगांना व्यापते आणि त्यासाठी वैद्यकीय उपचार आवश्यक असतात.

### कामाचे तास

जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तपुरवठ्याच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असतो. २०१६ या एका वर्षात दीर्घ कार्यकाळामुळे जगभर सुमारे ७,४५,००० मृत्यू झाले, असाही अंदाज त्यात दिला आहे. जपानमध्ये अतिकामाने येणाऱ्या मृत्यूस 'कारोशी' अशी संज्ञा असून त्याच्या प्रतिबंधासाठी २०१४ मध्ये तेथे कायदा करण्यात आला.

भारतात हा विषय २०२३ मध्ये विशेष चर्चेत आला. तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करण्याची तयारी ठेवावी, असे मत इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी मांडले. राष्ट्राच्या उत्पादकतेच्या दृष्टीने काहींनी त्याचे समर्थन केले, तर आरोग्य व कौटुंबिक जीवनावरील परिणामांकडे लक्ष वेधून इतरांनी त्यावर टीका केली.

## प्रतिबंध आणि उपाय

### कामातील खंड

दर अर्ध्या तासाने एक-दोन मिनिटे उठणे, हा सर्वांत सुलभ उपाय होय. पाणी लहान भांड्यात घेऊन ते भरण्यासाठी वारंवार उठणे, दूरध्वनीवर बोलताना चालणे, शेजारच्या विभागातील सहकाऱ्यास संदेश पाठविण्याऐवजी प्रत्यक्ष भेटणे आणि उद्‌वाहकाऐवजी जिना वापरणे यांमुळे खंड कामाच्या ओघातच पडतो. केवळ निश्चयावर विसंबण्यापेक्षा अशी सोय करून ठेवणे अधिक टिकाऊ ठरते. जेवणानंतर शतपावली करण्याची महाराष्ट्रातील जुनी रीत या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. जेवणानंतर थोडे चालल्याने रक्तशर्करा कमी वाढते, असे आधुनिक प्रयोगांतही दिसून आले आहे.

आयुष मंत्रालयाने कार्यालयीन कर्मचाऱ्यांसाठी 'वाय-ब्रेक' हा पाच मिनिटांचा योगक्रम तयार केला आहे. त्यात खुर्चीजवळ करता येण्याजोगे ताणाचे प्रकार, श्वसन व अल्पकाळ ध्यान यांचा समावेश आहे.

### व्यायाम

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे तीव्र स्वरूपाचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम करावेत. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल हिशेबात धरली जात नसे. ही अट आता काढून टाकण्यात आली आहे. मुंबईतील नोकरदाराने स्थानकाचा पूल चढण्यात घालवलेली तीन मिनिटेही त्यामुळे हिशेबात येतात.

उल्फ एकेलुंड व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दहा लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. दिवसाला आठ तासांहून अधिक बसणाऱ्यांमध्ये मृत्यूचा वाढीव धोका रोज सुमारे ६० ते ७५ मिनिटांच्या मध्यम व्यायामाने नाहीसा होत असल्याचे त्यात दिसले. बहुसंख्य लोकांना रोज एवढा वेळ काढणे कठीण असल्याने बसण्याचा काळ कमी करणे हा पूरक मार्ग ठरतो.

### आसनव्यवस्था

- पावले जमिनीवर पूर्ण टेकलेली असावीत. खुर्ची उंच असल्यास पायांखाली पाट किंवा लाकडी ठोकळा ठेवावा.
- कमरेच्या बाकाला आधार असावा; खुर्चीत तशी सोय नसल्यास लहान उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल पुरेसा होतो.
- कोपर शरीराजवळ व साधारण काटकोनात असावे आणि मनगट वर किंवा खाली मुरडलेले नसावे.
- पडदा हातभर अंतरावर आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा किंचित खाली असावी.
- लॅपटॉपवर दीर्घकाळ काम करताना तो पुस्तकांच्या थप्पीवर ठेवून वेगळा कळफलक व माउस वापरावा.
- खिडकीचा उजेड पडद्यावर थेट पडू नये. तो बाजूने यावा.

घरून काम करणारे अनेक जण पलंगावर किंवा जमिनीवर मांडी घालून काम करतात. मांडी घालणे मुळात अपायकारक नाही. मात्र समोर उतरते मेज नसल्यास पाठीला पोक येतो आणि दीर्घकाळ गुडघे दुमडून राहिल्याने ते आखडतात. अशा वेळी कामाची जागा दिवसातून दोन-तीनदा बदलणे उपयुक्त ठरते.

### उभे राहून काम

उंची बदलता येणारी मेजे अलीकडे लोकप्रिय झाली आहेत. निश्चल उभे राहण्यात बसण्यापेक्षा किंचितच अधिक ऊर्जा खर्च होते आणि दिवसभर उभे राहिल्याने पाय दुखणे, शिरा फुगणे व कंबरदुखी हे त्रास उद्भवतात. हे दुकानांतील विक्रेत्यांच्या अनुभवावरून स्पष्ट होते. केरळमध्ये २०१८ साली आणि तमिळनाडूमध्ये २०२१ साली विक्रेत्यांना कामाच्या वेळेत बसण्याची सोय देणे कायद्याने बंधनकारक करण्यात आले. कारकुनाला उठण्याची आणि विक्रेत्याला बसण्याची मुभा असावी, या दोन्ही मागण्यांमागील शारीरिक कारण एकच आहे.

### डोळ्यांची निगा

दर २० मिनिटांनी २० फूट (सुमारे ६ मीटर) अंतरावरील वस्तूकडे २० सेकंद पाहावे, हा '२०-२०-२०' नियम लक्षात ठेवण्यास सोपा आहे. पापण्यांची जाणीवपूर्वक पूर्ण उघडझाप करणे, पंख्याचा झोत चेहऱ्यावर येऊ न देणे आणि नियमित नेत्रतपासणी हे इतर उपाय होत.

### आहार

बैठ्या कामात भूक नसतानाही खाणे होते. दिवसातून चार-पाच वेळा घेतलेला साखरेचा चहा, सोबतची बिस्किटे, वडापाव आणि फरसाण यांतून नकळत बरीच ऊर्जा पोटात जाते. जेवणाचा डबा मेजावरच न खाता वेगळ्या जागी खाल्ल्यास जेवणाकडे लक्ष राहते आणि कामात खंडही पडतो. आहारात डाळी, उसळी, भाज्या व ताक यांचा समावेश आणि भाताचे किंवा पोळ्यांचे प्रमाण कामाच्या स्वरूपानुसार ठेवणे योग्य ठरते.

### मानसिक विसावा

कामाच्या वेळेनंतर कामाच्या विचारांपासून दूर राहता येणे हा ताणातून सावरण्याचा एक महत्त्वाचा भाग असल्याचे जर्मन मानसशास्त्रज्ञ साबिने झोनेनटाग यांच्या संशोधनातून दिसून आले आहे. दिवसाअखेर उरलेल्या कामांची यादी करून ठेवणे, संदेशांना उत्तर देण्याच्या वेळा ठरविणे, सहकाऱ्यांसोबत जेवणे, छंद जोपासणे आणि झोपेची वेळ नियमित ठेवणे हे व्यक्तीच्या पातळीवरील उपाय आहेत. तथापि रात्री उशिरा वरिष्ठांचा संदेश येणे नित्याचे असेल, तर कर्मचाऱ्याचा वैयक्तिक निश्चय अपुरा पडतो. म्हणूनच कामाचे न्याय्य वाटप, विश्रांतीची उघड मुभा आणि वरिष्ठांचे स्वतःचे आचरण यांना प्रतिबंधात मोठे स्थान आहे.

## कायदेशीर तरतुदी

'महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७' या कायद्याने कामाची मर्यादा दिवसाला ९ तास व आठवड्याला ४८ तास अशी ठरविली आणि सलग ५ तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आवश्यक केली. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दैनिक मर्यादा १० तासांपर्यंत वाढविण्यास मान्यता दिली.

ब्रिटनमधील १९९२ च्या नियमांनुसार संगणकाच्या पडद्यासमोर काम करणाऱ्यांच्या कामात खंडाची योजना करणे आणि मागणी केल्यास नेत्रतपासणीची सोय करणे ही नियोक्त्याची जबाबदारी आहे. कामाच्या वेळेनंतर संपर्कापासून मुक्त राहण्याचा अधिकार फ्रान्समध्ये २०१७ पासून कायद्यात समाविष्ट झाला. भारतात बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी या आशयाचे खासगी विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मांडले होते.

## वैद्यकीय सल्ला केव्हा घ्यावा

छातीत दाब किंवा वेदना, अचानक धाप लागणे, अथवा एकाच पायाच्या पोटरीत सूज व दुखणे आढळल्यास विलंब न करता रुग्णालयात जावे. पाठदुखीसोबत पायातील शक्ती कमी होणे, जांघेचा भाग बधिर होणे किंवा लघवी-शौचावरील नियंत्रण सुटणे हीदेखील तातडीची लक्षणे आहेत. हातातील मुंग्या, डोळ्यांची जळजळ किंवा मानदुखी काही आठवडे टिकून राहिल्यास तपासणी करून घ्यावी.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटणे, कशातही रस न वाटणे, झोप उडणे किंवा जीवन नकोसे वाटणे ही लक्षणे केवळ कामाचा थकवा समजून दुर्लक्षित करू नयेत. भारत सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्यविषयक साहाय्य भारतीय भाषांमधून विनामूल्य उपलब्ध आहे.